फरक

पट्टीला सेल नाही, चार्जर नाही.
हे सांगताना मी दरवेळी मनगट उलटं करून दाखवते,
जादूगार रिकामा हात दाखवतो तसं.
आतून कातडीची ऊब, वरून हवा,
दोन्हींत जो फरक, त्यावर ती चालते.
नाडी मोजते, घाम चाखते,
दर पाच मिनिटांनी एक आकडा धाडते माझ्या टॅबवर.

जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या मिलमध्ये
मार्चअखेर मी वीस पट्ट्या वाटल्या.
रुस्तुम घायतडकनं मनगट पुढं केलं.
"म्हंजी ही माझ्याच जिवावर जगनार?"
"हो."
"मंग घरचीच झाली म्हना."

एप्रिल बरा गेला.
पहाटपाळीला आकडे भरभरून यायचे.
डबा उघडला की रुस्तुमची नाडी उतरायची,
चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी,
सत्यशीलाबाईंच्या ठेच्याचा घास गेला की
परत चार पायऱ्या वर.
ते पाहून मी एकटीच हसायचे, गेटजवळच्या टपरीत.

मग मे.
बाहेर त्रेचाळीस,
भट्टीपाशी किती, ते कुणी मोजत नाही.
साडेअकराला पट्ट्या एकेक करून गप्प झाल्या.
आधी वाटलं, टॅब तापलाय.
मग वाटलं, काढून ठेवल्या असतील,
खाली घामोळं उठतं, खोटं नाही.
आत गेले तर वीस मनगटांवर वीस पट्ट्या,
आणि सांडशीत लाल सळई धरून
माणसं वळत होती, वळत होती.
"गप कामून पडली ही?" रुस्तुमनं मान न वळवता विचारलं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते रात्री लॉजवर सापडलं, पंख्याखाली, वहीच्या मागच्या पानावर.
कातडी पस्तीस, हवा पस्तीस: फरक शून्य.
त्याच्याही पुढं, उलटं.
माणसातून बाहेर यायची ती ऊब
बाहेरून माणसात शिरायला लागली
आणि प्रवाह वजा झाला.
वजा वाचायला आम्ही तिला शिकवलंच नव्हतं.

कॉलेजातून सरांचा फोन:
रिकाम्या जागा सरासरीनं भरून घे,
आलेख तुटता कामा नये.

दुसऱ्या दिवशी रांजणापाशी मी रुस्तुमला सगळं सांगितलं.
टॉवेल पिळत त्यानं ऐकून घेतलं.
"म्हंजी तवा हवा अन् मी येकच झालो?"
"पट्टीच्या लेखी, हो."
"मंग मी कुटं गेलो व्हतो तेवढा येळ?"

बोलता बोलता तो खाली बसला
आणि मनगट, पट्टीसकट,
टेकवलं रांजणाच्या ओल्या पोटाला.
टॅब थरथरला.
एकशे अठ्ठेचाळीस.
बसलेल्या माणसाची नाडी.

बसा, म्हटलं मी, उठू नका.
मुकादम म्हणाला, मॅडम, पट्टी बंद पडते,
पाळी नाही पडत.
रुस्तुम उठला नाही.
एकशे एकेचाळीस. एकशे तेहतीस.
मग नामदेव थिटे आला, मग गफार,
पाच-सहा जण रांजणाभोवती मनगटं टेकवून,
लांबून कुणाला वाटलं असतं
शपथ घेताहेत.
कुणी बोलत नव्हतं. मागं मिलचा पट्टा खडखडत होता.

दवाखान्यातल्या नर्ससारखं मी विचारलं,
"फरक पडला का?"
डोळे न उघडता तो म्हणाला,
"पडायलाय."

अहवालात दुपारचे रकाने मी रिकामेच ठेवले.
सर आधी चिडले, मग बराच वेळ पान उलटलं नाही त्यांनी.
शेऱ्याला जागा दोन बोटं होती. तिथं लिहिलं:
बारा ते चार रांजणापाशी बसू द्यावे.
रांजण एकच आहे.
तोही बुडाला गळतो.